काच फुंकायला शिकायचंय? खानदेशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

लहानपणी अंमळनेरजवळच्या गावी आजीच्या घरी आम्ही पोरी फुटक्या बांगड्या जमवायचो. रात्री लाइट गेली की चिमणी पेटायची. बांगडीच्या तुकड्याची दोन टोकं दोन हातांनी धरून मधला भाग ज्योतीत न्यायचा. काच काजळीने काळी व्हायची आणि मग एका क्षणी मधोमध नरम पडायची. डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटांना कळायचं. मग तो तुकडा वाकवून दुसऱ्या कडीत अडकवायचा. अशी हातभर साखळी झाली की ती दाराला लागायची. आजी ओरडायची, "पोरी, हात भाजाई जाई तुना!"

काच ज्योतीत नरम करून आकार द्यायचा, यालाच लॅम्पवर्किंग म्हणतात आणि जगभर लोक त्यावर पोट भरतात, हे मला कळायला पुढची वीस वर्षं गेली. आता मी मणी, दिवे, छोटे पक्षी, अत्तराच्या कुप्या करते. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडची मुलं-मुली विचारायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न भट्टी बांधायला किती खर्च येतो हाच असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. भट्टीचा प्रश्न आठव्या पायरीवर येईल. त्याआधी सात पायऱ्या आहेत, आणि त्या गाळल्या तर पैसा, काच आणि उमेद तिन्ही फुटतात.

१. कोणतं काचकाम करायचं ते ठरवा

"ग्लासब्लोइंग" या एका शब्दाखाली तीन वेगळे धंदे येतात.

पहिलं भट्टीकाम. वितळलेल्या काचेने भरलेली भट्टी रात्रंदिवस साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. पोकळ लोखंडी नळीवर, म्हणजे फुंकणीवर, काचेचा गोळा घ्यायचा आणि फुंकून फुलदाणी, गोळे, झुंबराचे भाग करायचे. हे काम एकट्याचं नाही, किमान एक मदतनीस लागतोच.

दुसरं ज्योतकाम, म्हणजे लॅम्पवर्किंग. टेबलावर गॅस आणि ऑक्सिजनचा टॉर्च बसवायचा, काचेच्या कांड्या किंवा नळ्या ज्योतीत नरम करायच्या. ज्योत हवी तेव्हा पेटते, हवी तेव्हा बंद होते. एका खोलीत, एकट्याने करता येतं.

तिसरं शास्त्रीय काचकाम. प्रयोगशाळेतले कंडेन्सर, फ्लास्क, व्हॅक्यूमच्या जोडण्या बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. इथे काच बोरोसिलिकेट, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी (बोलताना नुसतं 'बोरो'), असते आणि माप मिलिमीटरमध्ये चुकून चालत नाही.

एकट्या कलाकाराने स्वतःच्या स्टुडिओत काच फुंकावी ही गोष्ट तशी नवी आहे. काच फुंकणं दोन हजार वर्षं जुनं असलं तरी ते कारखान्यातच चालायचं. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन यांनी कार्यशाळा घेतली आणि डॉमिनिक लॅबिनो यांच्या मदतीने छोट्या भट्टीत काच वितळवून दाखवली. तिथून स्टुडिओ ग्लासची चळवळ सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातही काचेचा इतिहास आहे, पण तो कारखान्यांचा: तळेगावचा पैसा फंडाचा कारखाना, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. खानदेशात तशी परंपरा नाही. शेजारी विचारायला उस्ताद नाही, म्हणून आपल्याला जास्त नीट आखून चालावं लागतं.

माझं स्पष्ट मत: खानदेशात राहून सुरुवात करायची तर ज्योतकामापासून करा.

२. शिकायला बाहेर जा, आणि आधी नुसतं बघा

व्हिडिओ बघून हात फिरवणं थोडंफार येतं. ज्योतीचा आवाज बदलला म्हणजे काय झालं, काचेचा नारिंगी रंग किती उतरला की ती हलवायची नाही, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

*फिरोजाबाद.* भुसावळहून पंजाब मेलने आग्रा कॅन्ट, तिथून फिरोजाबाद साधारण ४० किलोमीटर. देशातल्या काचेच्या बांगड्यांचं हे माहेर. झुंबरं, दिवे, फुंकलेली भांडीही तिथेच होतात. मी गेले तेव्हा भट्ट्यांवर सगळे पुरुष होते. मात्र भट्टीवर गुंडाळून कापलेल्या बांगड्यांचं पुढचं काम घराघरांत बायका करतात. वाकडी बांगडी सरळ करायची ती सदाई, उघडी टोकं ज्योतीवर जोडायची ती जुडाई. मी एका घरात चार दिवस नुसती जुडाई बघत बसले. ज्योत जागची हलत नव्हती. दोन टोकं ज्योतीत जायची, लाल व्हायची, एकमेकांना टेकायची आणि बाहेर यायची. त्या ताई बोलत होत्या, मुलाला दटावत होत्या, आणि हात आपला चालूच होता. टॉर्चवर बसल्यावर मला जे पहिल्यांदा कामाला आलं ते त्या चार दिवसांतलं होतं: हात हलवायचा, ज्योत नाही.

तिथे जाताना ओळख काढून जा. कारखान्यात परवानगीशिवाय शिरू नका आणि फोटो विचारूनच काढा. काच उद्योगासाठीचं सरकारी केंद्रही, सीडीजीआय, फिरोजाबादलाच आहे.

*पदवी हवी असेल तर* अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षा असते, तयारीला वर्षभर धरा.

*शास्त्रीय काम शिकायचं असेल तर* आयआयटी आणि मोठ्या संशोधन संस्थांत ग्लासब्लोइंगचे विभाग असतात. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ओळखीने तिथे आठवडाभर बसायला मिळालं तर सोडू नका.

*आणि घराजवळ:* जळगावचा सराफा. सोनाराची कामाची जागा आणि आपली फार वेगळी नाही. छोटी ज्योत, फुंकर, चिमटा, डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, लागणारा धीर, सगळं तेच. मी दोन महिने एका कारागीर काकांच्या शेजारी बसून ज्योत धारदार कशी करायची, पसरट कशी करायची ते शिकले. ते काचेला हात लावत नव्हते, पण ज्योतीबद्दल त्यांना जे कळत होतं ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नाही.

३. काचेचा नंबर ओळखा

नवशिक्यांचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

प्रत्येक काच तापल्यावर थोडी फुगते आणि निवताना आकसते. किती आकसते याचा एक आकडा असतो, प्रसरणांक. मण्यांच्या कामाची मऊ काच १०४ नंबरची. भट्टीकामाची रंगीत काच बहुतेक ९६ची. बाटल्या आणि खिडकीची काच साधारण ८५च्या आसपास. बोरोसिलिकेट ३३ची. दोन वेगळ्या नंबरच्या काचा ज्योतीत छान जुळतात, गरम असताना काहीच कळत नाही. निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोडावर ताण राहतो. तो ताण कधी तासाभरात फोडतो, कधी महिन्याने.

सुरुवातीला मी एका व्यापाऱ्याकडून रंगीत कांड्या घेतल्या. "सगळी काच एकच असते ताई," असं त्याने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. पारदर्शक काचेवर त्या कांड्यांची नक्षी केलेल्या पाच फुलदाण्या विकल्या. अकराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. रात्री सगळे झोपलेले असताना कपाटातली फुलदाणी आपोआप तडकली होती. आठवड्याभरात आणखी दोन गेल्या. पाचही जणांचे पैसे परत केले. फुटलेला एक तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. तडा बरोबर निळ्या रेषेला धरून गेलाय.

त्यानंतर मी प्रत्येक नव्या कांडीची एक चाचणी करते, तुम्हीही करा. नवी कांडी आणि तुमची नेहमीची कांडी शेजारी शेजारी धरून टोकं एकत्र वितळवा, ढवळू नका. मग ज्योतीबाहेर काढून चिमट्याने पटकन ओढून हातभर बारीक दोरा करा. निवल्यावर दोरा सरळ राहिला तर दोन्ही काचांचं जमतं. धनुष्यासारखा वाकला तर नाही. वाकाच्या आतल्या बाजूला जी काच असेल ती जास्त आकसणारी.

याच पायरीवरचे आणखी दोन सापळे:

बाटल्यांची काच फुकट मिळते, पण ती फार लवकर घट्ट होते, कारण ती यंत्रावर झटपट बाटली बनावी म्हणून घडवलेली असते. शिकताना आपल्याला वेळ हवा असतो. एकाच बाटलीची काच त्याच बाटलीच्या काचेशी जोडता येते, पण पहिला धडा तिच्यावर नको.

दुसरं म्हणजे, "गिरणेची, तापीची वाळू एवढी आहे, तीच वितळवू." शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून तीत सोडा आणि चुना घालून तो आकडा खाली आणतात. आपल्या नद्यांची वाळू काळ्या बसाल्टच्या मुलखातून येते, तीत लोह भरपूर. त्यातून स्वच्छ काच होत नाही. तयार काच विकत घ्या.

४. जागा, वीज आणि आपला उन्हाळा

जागा १० बाय १२ फुटांची पुरते. जमीन फरशीची किंवा सिमेंटची हवी, लाकडी किंवा गालिच्याची नाही. टेबलावर स्टीलचा पत्रा. टॉर्चच्या मागे धूर आणि उष्णता ओढून घेणारा पंखा, आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची वाट. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून खालच्या अंगालाही झरोका ठेवा. तळघर किंवा खड्ड्यातली खोली अजिबात घेऊ नका.

वीज लागते ती निववायच्या विद्युत भट्टीला, किल्नला. छोटी किल्न दीड-दोन किलोवॅटची असते, तिला १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. गावाकडची मुलं शेतातल्या पंपाच्या खोलीत स्टुडिओ काढायचं म्हणतात. तसं करू नका. शेतीच्या जोडणीवर धंदा चालवता येत नाही, आणि शेती फीडरला वीज पाळीने येते. किल्नला मात्र सलग सहा-आठ तास लागतात.

वळवाच्या वादळात आपल्याकडे तारा तुटतात, हे धरूनच चाला. काच आत असताना लाइट गेली तर किल्नचं दार उघडू नका. डोकावूनही बघू नका. भिंतींमधली उष्णता काही काळ काचेला सांभाळते. वीज आल्यावर किल्नचा कंट्रोलर, म्हणजे तापमान सांभाळणारं यंत्र, तिथूनच पुढे जातो, पहिल्यापासून सुरू करतो की बंद पडतो, हे किल्न घेतानाच विचारून घ्या. पूर्ण निवून गेली आणि तडा नसेल, तर तीच काच थंडपासून हळूहळू तापवून पुन्हा निववता येते.

मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना टॉर्चपुढे बसणं धोक्याचं आहे. मी मार्च ते जून पहाटे पाचला ज्योत पेटवते आणि नऊला बंद करते. शेजारी मीठ-लिंबाचं पाणी. कपडे सुतीच. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या.

५. लागणारं साहित्य

ज्योतकामासाठी:

- टेबलावर बसणारा टॉर्च. मऊ काचेला छोटा चालतो, बोरोला मोठा लागतो.
- एलपीजीचं १९ किलोचं व्यावसायिक सिलेंडर. घरगुती लाल सिलेंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे.
- ऑक्सिजनचं सिलेंडर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. गावात सिलेंडर भरून मिळत नसेल तर कॉन्सन्ट्रेटर परवडतो, मात्र त्याची ज्योत मंद असते.
- दोन्ही रेग्युलेटर, योग्य नळ्या, आणि दोन्ही बाजूंना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरली तर अडवणारी झडप. यावर पैसे वाचवू नका.
- डिडिमियमचा चष्मा. काचेतल्या सोडियममुळे ज्योत झगझगीत पिवळी होते आणि आतली काच दिसत नाही. हा चष्मा नेमका तो पिवळा गाळतो. बोरोवर काम करताना याच्या जोडीला वेल्डिंगसारखी गडद काचही लागते.
- स्टीलच्या काड्या, त्यांवर लावायचा मणी सुटवणारा लेप, ग्रॅफाइटची पट्टी, चिमटे, टंगस्टनची सळई.
- कंट्रोलर असलेली किल्न.
- अग्निशामक, बादलीभर पाणी, जळाल्यावर लावायचं मलम.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला किंवा नळीला तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हात लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेतं. सिलेंडर उभं ठेवून साखळीने भिंतीला बांधा. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. माझ्याकडे ते अजूनही चिकटवलेलं आहे.

६. पहिले तीन महिने: फिरवणं

गरम काच सतत खाली ओघळत असते. तिला मधोमध ठेवायचा एकच उपाय, सारखं फिरवत राहणं. सराव स्वयंपाकघरातच सुरू करा. पळीचा दांडा काकवीत बुडवून बाहेर काढा आणि आडवा धरून फिरवत राहा. एक थेंब खाली न पडता काकवी दांड्याभोवती सारखी राहिली पाहिजे. हात थांबला की लगेच लोंबते. गरम काच हुबेहूब अशीच वागते. दोन्ही हातांनी करा, कारण दोन हात एकाच वेगाने फिरले नाहीत तर कांडी पिळली जाते.

पहिला महिना फक्त गोल मणी. दोन्ही तोंडं खळगीसारखी आत वळलेली, भोकाची कड धारदार नाही, असे सलग पन्नास मणी होईपर्यंत फुलं-पानं काढू नका. दुसऱ्या महिन्यात ठिपके आणि रेघा. तिसऱ्या महिन्यात बोरोची पोकळ नळी घ्या आणि फुंकायला लागा. भिंत सगळीकडे सारखी तापवायची, ज्योतीबाहेर काढायची, एक ठोका थांबायचं, मग हलकी फुंकर. ज्योतीत असताना फुंकलं तर जिथे पातळ आहे तिथेच फुगा येतो आणि फाटतो.

तयार मण्यातला सुटवणारा लेप घासताना मणी पाण्यात धरा, कोरडं घासू नका. काच घासतानाही तेच. तो पांढरा धुरळा फुप्फुसात बसतो आणि निघत नाही. झाडूने काच गोळा करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

७. निववणं

काचकामातला सर्वात मोठा भाग कोणाला दिसत नाही, कारण तो बंद दारामागे रात्री घडतो. वस्तू ज्योतीबाहेर आली की वरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर. आतला आकसायला जातो आणि वरचा त्याला जाऊ देत नाही. हा ताण काचेत कोंडून राहतो. तो काढायला वस्तू एका ठरावीक तापमानाला धरून ठेवायची, सगळीकडे सारखी होऊ द्यायची आणि मग हळूहळू उतरवायची. यालाच अनिलिंग म्हणतात.

मऊ १०४ काचेला हे तापमान ५१० ते ५२० अंश, बोरोला साधारण ५६५. मी पेरभर मण्यांना तासभर धरते, मग तासाला ६० अंशांच्या वेगाने ३७०पर्यंत उतरवते आणि किल्न बंद करते. सकाळी हात लावण्याइतकी निवल्याशिवाय दार उघडत नाही. जाडी वाढली तर वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. मणी जमले म्हणून लोक थेट मुठीएवढा पेपरवेट करतात, मण्याच्याच वेळात निववतात, आणि तो पंधरा दिवसांनी दोन शकलं होतो.

गरम राखेत किंवा दोन ब्लँकेटांमध्ये मणी ठेवून "निववला" म्हणणारे भेटतील. त्याने फक्त निवण्याचा वेग कमी होतो. घरी घालायला ठीक, पण विकायचा मणी किल्नमधून गेलाच पाहिजे.

ताण उरला का ते डोळ्यांनी बघता येतं. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा जवळजवळ काळा होईपर्यंत फिरवा. आता मधे काच धरा. नीट निवलेली पारदर्शक काच पडद्यासारखीच काळी दिसते. ताण असेल तिथे पांढरे, कधी रंगीत पट्टे उजळतात. मी त्या फुलदाणीचा तुकडा असा धरला तेव्हा निळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना इतका उजेड होता की मी तो बराच वेळ खाली ठेवला नाही. विक्रीला जाणारा प्रत्येक पारदर्शक नग मी आता असा बघूनच बांधते.

८. भट्टीसमोर

वर्षभर ज्योतीवर काम झाल्यावर फिरोजाबादला किंवा एखाद्या स्टुडिओत भाड्याने तास घेऊन भट्टीवर उभे राहा. कामाचा क्रम असा: फुंकणीचं टोक तापवायचं, भट्टीत बुडवून फिरवत गोळा उचलायचा, लोखंडी पाट्यावर लोळवून त्याला मधोमध आणायचं. मग एक फुंकर मारून लगेच अंगठ्याने फुंकणीचं तोंड दाबायचं. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि गोळ्यात पहिला बुडबुडा उमटतो. तो बुडबुडा माझ्यासमोर पहिल्यांदा आला तेव्हा भोवतालचा सगळा आवाज थांबल्यासारखा झाला होता.

पुढे ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर, नुसत्या तळहातात धरून, गोळ्याला आकार देतात. कागदातून वाफ निघते, काच आणि हात यांच्यामध्ये तेवढंच अंतर असतं. मग मोठ्या चिमट्याने मान आवळायची, बुडाला दुसरी सळई चिकटवायची, फुंकणीकडून तोडायचं, तोंड तापवून उघडायचं आणि थेट अनिलरमध्ये, म्हणजे निववायच्या भट्टीत. मधे मधे तापवायला वेगळी भट्टी असते.

स्वतःची भट्टी केव्हा? ती रात्री बंद करता येत नाही, कारण थंड करून पुन्हा तापवलं की आतलं भांडं तडकू शकतं. तुम्ही झोपलात, लग्नाला गेलात, माल विकला गेला नाही, तरी गॅस जळतच राहतो. महिन्याचा गॅस भागेल एवढ्या ऑर्डरी सलग वर्षभर हातात असतील आणि सोबत दोन माणसं शिकलेली असतील, तर बांधा. तोवर भाड्याचे तास स्वस्त पडतात.

९. कागदपत्रं

एका फाइलमध्ये ठेवा: आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, घरमालकाचं संमतिपत्र, ग्रामपंचायत किंवा पालिकेचं ना-हरकत, वीजबिल, साहित्याची कोटेशनं.

उद्यम नोंदणी आधी करा. ती ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. मिळतंजुळतं नाव लावून शुल्क मागणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत, तिथे पैसे भरू नका.

हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं. प्रदर्शनांत स्टॉल मागताना त्याचा उपयोग होतो. पडताळणीला प्रत्यक्ष काम दाखवावं लागू शकतं, नमुने तयार ठेवा.

कर्जासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींची चौकशी करा. पीएमईजीपीत ग्रामीण भागात महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण ही योजना नव्या उद्योगालाच मिळते. आधी धंदा सुरू करून मग अर्ज केला तर नाकारला जातो. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं असंच झालं.

पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागिरांसाठीच्या योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभार, सोनार, लोहार आहेत, काचकाम नाही. त्या रांगेत दिवस घालवू नका.

१०. विक्री, किंमत आणि बांधणी

सुरुवातीचा रोजचा पैसा दोन ठिकाणांहून येतो. एक, जळगावचा सराफा. हाताने केलेला काचेचा मणी चांदीत किंवा सोन्याच्या पोतीत ओवून दिला तर त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. दोन, शिरपूर, धुळे, जळगाव इथली सायन्स आणि फार्मसी कॉलेजं. त्यांच्या प्रयोगशाळांत तुटलेल्या तोटीचे, फुटलेल्या जोडाचे कंडेन्सर पडून असतात. बोरो येत असेल तर दुरुस्तीचं काम वर्षभर मिळतं. मात्र दुरुस्तीला घेण्याआधी ते पूर्ण धुऊन द्यायला सांगा. आत काय रसायन होतं ते तुम्हाला माहीत नसतं आणि ज्योतीत त्याचा धूर तुमच्या तोंडावर येतो. कलावस्तूंसाठी अजिंठ्याला येणारे पर्यटक आणि मुंबई-पुण्याची प्रदर्शनं हे नंतरचं.

किंमत अशी काढा. समजा महिन्याला गॅस, ऑक्सिजन, वीज, काच मिळून १२,००० रुपये लागतात आणि ज्योत ६० तास पेटते. म्हणजे तासाला २००. एका पक्ष्याला पाऊण तास, १५० रुपये. तुमची मजुरी तासाला २०० धरली तर आणखी १५०. एकूण ३००. पाचांतला एक फुटतो, म्हणून त्याचा भार उरलेल्या चारांवर: ३७५. खोका-बांधणी ४०. झाले ४१५. दुकानदार विक्रीतले ४० टक्के ठेवणार असेल तर लेबलवर सुमारे ७०० लिहावे लागतील. "काचेच्या पक्ष्याला सातशे?" असं कोणी म्हटलं तर त्याच्यासमोर ज्योत पेटवून एक करून दाखवा. मी जत्रेत छोटा टॉर्च घेऊन बसते तेव्हा घासाघीस जवळजवळ होत नाही. ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून मंडपाची परवानगी आणि ज्योतीपासून दोन हात अंतरावर बांधायची दोरी दोन्ही आधीच घ्या. लहान मुलं थेट ज्योतीकडे बोट करतात.

बांधणी: प्रत्येक नग पातळ कागदात, मग बबल रॅपमध्ये, मग घट्ट छोट्या खोक्यात. ते खोकं मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना चार बोटं भरण देऊन. खोकं हलवल्यावर आत आवाज आला तर पुन्हा उघडा. नव्या आकाराचा नग पहिल्यांदा पाठवण्याआधी कमी प्रतीचा एक नग तसाच बांधून कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीनदा टाका, एकदा बुडावर, एकदा बाजूवर, एकदा कोपऱ्यावर, आणि मगच गिऱ्हाइकाचा नग बांधायला घ्या.